फातोर्ड्याची पेनल्टी आणि महासंघाची आळीमिळी गुपचिळी

पंचांच्या चुका मोसमभरात फिटतात, आज अन्याय तुमच्यावर झाला तर उद्या तो समोरच्यावर होईल, असं फुटबॉलमध्ये हमखास ऐकवलं जातं. वीस-बावीस सामन्यांच्या साखळीत ते थोडंफार खरंही असेल. अंतिम सामन्याला मात्र पुढचा शनिवार नसतो. तिथे हातचा गेलेला चषक परत मिळत नाही, आणि वर्षभर पदरमोड करून संघामागे गावोगाव फिरलेल्या माणसाला "पुढच्या वेळी तुमच्या बाजूने होईल" हे सांगणं म्हणजे त्याच्या तोंडाला पानं पुसणं आहे.

18 मार्च 2023 ची रात्र आठवा. देशातल्या सर्वोच्च फुटबॉल साखळीचा, इंडियन सुपर लीगचा, अंतिम सामना गोव्यात, मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर होता. एकीकडे एटीके मोहन बागान, दुसरीकडे बंगळुरू. चौदाव्या मिनिटाला दिमित्री पेत्रातोसने पेनल्टीवर बागानला पुढे नेलं. मध्यंतराच्या तोंडावर सुनील छेत्रीने पेनल्टीवरच बरोबरी साधली. 78 व्या मिनिटाला रॉय कृष्णाने बंगळुरूला 2-1 अशी आघाडी मिळवून दिली. चषक आणि बंगळुरू यांच्यामध्ये बारा-पंधरा मिनिटं उरली होती. 85 व्या मिनिटाला बागानचा तरुण खेळाडू कियान नासिरी बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या, कडेवर पडला, पंचांनी शिट्टी फुंकून बोट पेनल्टीच्या खुणेकडे केलं. पेत्रातोसने पुन्हा गोल केला, 2-2. जादा वेळेत निकाल लागला नाही आणि पेनल्टी शूटआउटमध्ये बागानने 4-3 असा चषक नेला.

रिप्ले पाहिला तेव्हा धक्का बॉक्सच्या बाहेर लागल्याचं दिसत होतं. फाउल होता, त्याबद्दल फारसा वाद नाही. वाद जागेचा होता. बंगळुरूचे मालक पार्थ जिंदाल यांनी त्याच रात्री लीगमध्ये व्हीएआर, म्हणजे पंचांचे निर्णय चित्रफितीवर तपासणारे व्हिडिओ पंच, आणण्याची जाहीर मागणी केली. ते संघाचे मालक, त्यांचा राग समजण्यासारखा. पण माझं बंगळुरूशी काही नातं नाही, बागानशी वैर नाही, आणि तरी ती पेनल्टी मला आजही खटकते.

ती का खटकते हे नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे पंचांवर टीका म्हटली की लोक लगेच "पंचही माणूसच आहे" असं म्हणून विषय संपवतात. पंच माणूस आहे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. बॉक्सची रेषा जास्तीत जास्त बारा सेंटिमीटर रुंद असते. ती बॉक्सचाच भाग धरली जाते, म्हणजे रेषेवरचा फाउल हा पेनल्टीचा फाउल. खेळाडू पूर्ण वेगात असताना त्याच्या पायाला पाय नेमका कुठे लागला आणि तो पडला कुठे, या दोन जागांत मीटर-दीड मीटरचं अंतर सहज पडतं. डोळा पडण्याकडे जातो, कारण नजरेत भरतं ते पडणं. धक्का बाहेर लागतो, शरीर आत कोसळतं. पंच तिरक्या कोनातून पाहत असतो, मध्ये दोन-तीन खेळाडू असतात, फुप्फुसं भरून आलेली असतात कारण पंच्याऐंशी मिनिटं तोही धावलेला असतो. शिवाय धरून ओढण्याचा फाउल बाहेर सुरू होऊन आत चालू राहिला तर पेनल्टीच द्यायची असते, पाय मारल्यास मात्र लागलेली जागाच बघायची असते. हे सगळं एका सेकंदात ठरवायचं. या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही बहुधा खुणेकडेच बोट केलं असतं.

माझा राग पुढच्या भागावर आहे. सामना संपला, मैदान रिकामं झालं, आणि प्रेक्षकाच्या मनातला साधा प्रश्न तसाच राहिला: पंचांना काय दिसलं? त्यांना धक्का आत लागलेला दिसला, की तो ओढल्याचा फाउल वाटला, की सहायक पंचाने कानात काही सांगितलं? आपल्या फुटबॉलमध्ये या प्रश्नाला उत्तर मिळण्याची खात्रीची वाटच नाही. प्रशिक्षक पत्रकारांसमोर येतात, कर्णधार येतो, हुकलेली पेनल्टी मारणाऱ्यालाही कधी माइकसमोर उभं राहावं लागतं. पंच येत नाही. त्याचा अहवाल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे जातो आणि तिथेच राहतो. पंच विभाग अधूनमधून पत्रकारांशी बोलतो, पण मोठ्या सामन्यानंतर ठरावीक मुदतीत, ठरावीक निर्णयांवर बोलायचंच असा दंडक नाही. सगळी आळीमिळी गुपचिळी.

आणि जिथे अधिकृत शब्द नसतो तिथे अफवा मुक्काम ठोकते. कोलकात्यात, कोझिकोडमध्ये, मडगावात, कुठेही दहा फुटबॉलवेड्यांच्या घोळक्यात जाऊन उभे राहा, "कुठंतरी पाणी मुरतंय" हे वाक्य कानावर पडेलच. लीगला अमुक संघ जिंकायला हवा होता, प्रायोजकांना तमुक शहर हवं होतं. या बोलण्याला पुरावा नसतो आणि बहुतेक वेळा ते धादांत खोटं असतं. पण ते खोटं आहे हे सांगायला कुणी पुढे येत नाही, म्हणून ते टिकतं, आणि पुढच्या मोसमात पुढच्या चुकीला जाऊन चिकटतं. प्रामाणिक चूक करणाऱ्या पंचाचं सर्वांत मोठं नुकसान या मौनानेच होतं. त्याला बोलू दिलं असतं तर तो चुकलेला माणूस ठरला असता. आता तो विकला गेलेला माणूस ठरतो.

त्याच महिन्यात, अंतिम सामन्याच्या पंधरा दिवस आधी, बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर काय झालं ते बघा. 3 मार्चचा बाद फेरीचा सामना, जादा वेळ सुरू, केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू अजून भिंत लावत होते आणि छेत्रीने पटकन फ्री किक घेऊन गोल केला. पंचांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला आणि सामना बंगळुरूला बहाल झाला. नियम पाहिले तर पटकन फ्री किक घेण्याचा हक्क आक्रमण करणाऱ्या संघाला आहे. प्रश्न एवढाच उरतो की पंचांनी "शिट्टीची वाट पाहा" अशी खूण केली होती का. केली असेल तर गोल बाद, केली नसेल तर गोल ग्राह्य. दोन वाक्यांत सांगता येण्याजोगं हे कारण पंचांनी त्याच क्षणी माइकवरून मैदानाला सांगितलं असतं, तर संघ बाहेर नेणाऱ्या प्रशिक्षकाच्या पायाखालची वाळू सरकली असती. तसं झालं नाही. पुढे महासंघाच्या शिस्तपालन समितीने ब्लास्टर्सला 4 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रशिक्षकावर 10 सामन्यांची बंदी घातली. संघ बाहेर नेणं चूकच होतं, शिक्षा व्हायलाच हवी होती. पण संतापाचा दंड आकड्यांसह जाहीर होतो आणि ज्या निर्णयातून संताप झाला त्याचं कारण प्रेक्षकाला मैदानात कळत नाही, हा तराजू मला बरोबर वाटत नाही.

मुंबईकरांना यासाठी लांब जायला नको. 20 डिसेंबर 2023 ला अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्या सामन्यात सात लाल कार्डं निघाली, चार मुंबईला, तीन बागानला. मुंबईने सामना 2-1 असा जिंकला, पण त्या रात्रीचा खेळ कुणाच्या लक्षात नाही. लक्षात आहेत ती कार्डं. सातपैकी किती योग्य होती यावर मी अजूनही ठामपणे बोलणार नाही. काही नक्कीच योग्य होती, खेळाडूंनी ताळतंत्र सोडलं होतं. पण सामना हाताबाहेर का गेला, कुठल्या निर्णयापासून गेला, पंचांनी पुढच्या वेळी काय वेगळं करायचं, याचा एक पानभर आढावा जाहीर झाला असता तर तो फुटबॉल शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या आणि प्रत्येक होतकरू पंचाच्या कामी आला असता.

आता दोहा. 11 जून 2024, विश्वचषक पात्रता फेरी, कतार विरुद्ध भारत. मुंबई सिटीच्या लालियनझुआला छांगटेने 37 व्या मिनिटाला गोल केला आणि भारत पहिल्यांदाच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत जाण्याच्या उंबरठ्यावर उभा राहिला. 73 व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला, भारताचे खेळाडू क्षणभर थांबले, कतारच्या खेळाडूने तो मागे ओढला आणि युसुफ आयमेनने जाळ्यात मारला. पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. भारत 1-2 हरला, स्पर्धेबाहेर गेला. आपला महासंघ खवळला, आणि योग्यच खवळला. फिफाकडे आणि आशियाई महासंघाकडे तक्रार गेली, चौकशीची मागणी झाली. देशभरातल्या चाहत्यांनी महासंघाच्या सुरात सूर मिसळला. त्या दिवशी महासंघाला जे हवं होतं, तेच फातोर्ड्याच्या आणि कांतीरवाच्या प्रेक्षकाला हवं होतं: कुणीतरी जबाबदार माणसाने समोर येऊन सांगावं, काय झालं आणि का झालं. दोह्यात जे मागितलं ते घरच्या मैदानावर देण्यात अडचण कसली?

यावर पहिला आक्षेप येतो तो अधिकाराचा. पंचाने खुलासे द्यायला सुरुवात केली की त्याचा वचक जाईल, नियमातच लिहिलंय की खेळाशी संबंधित बाबींवर पंचाचा निर्णय अंतिम. अंतिम असू दे. निर्णय बदला असं कुणी म्हणत नाही. न्यायाधीशाचाही निकाल बंधनकारक असतो, तरी त्याला कारणं लिहावी लागतात आणि कारणं लिहिल्याने न्यायालयाचा मान कमी झालेला नाही. इंग्लंडमध्ये 30 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल सामन्यात लुईस दियाझचा वैध गोल ऑफसाइड म्हणून बाद राहिला, तोही व्हीएआर असताना. व्हिडिओ पंचाचा समज झाला होता की मैदानावर गोल दिलेला आहे, म्हणून त्याने "तपासणी पूर्ण" म्हणून मोकळं केलं. चूक लक्षात आली तेव्हा खेळ पुन्हा सुरू झाला होता. काही दिवसांतच पंचांच्या संस्थेने व्हिडिओ पंचांच्या खोलीतल्या संभाषणाची ध्वनिफीत जाहीर केली. ऐकताना अंगावर काटा येतो, पण ऐकल्यावर एक गोष्ट नक्की होते की तो गोंधळ होता, कट नव्हता. लिव्हरपूलचे चाहते आजही चिडलेले असतील. पण काय घडलं हे त्यांना माहीत आहे.

20 जुलै 2023 ला ऑकलंडमध्ये महिला विश्वचषकाचा पहिला सामना झाला, न्यूझीलंड विरुद्ध नॉर्वे. जपानच्या पंच योशिमी यामाशिता यांनी व्हिडिओ पाहिला, मैदानात परत आल्या आणि माइकवरून सगळ्या स्टेडियमला सांगितलं की हाताला चेंडू लागला, पेनल्टी. एक वाक्य. कुणाचा वचक गेला नाही. हॉकीत तर मैदानावरचे आणि व्हिडिओ पंच यांचं बोलणं आपण कित्येक वर्षं टीव्हीवर ऐकतो आहोत.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो मी उडवून लावणार नाही. पूर्ण व्हीएआर म्हणजे प्रत्येक मैदानावर पुरेसे कॅमेरे, स्वतंत्र खोली, प्रशिक्षित व्हिडिओ पंच, हे सगळं प्रत्येक सामन्याला. ज्या लीगचा व्यापारी हक्कांचा करार 2025 मध्ये संपताना पुढचा मोसम होणार की नाही यावरच सावट आलं, तिच्याकडे हा खर्च मागणं कठीण आहे. महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांनी 2023 मध्येच स्वस्तातल्या 'व्हीएआर लाइट'ची भाषा केली होती. शिवाय व्हीएआरने सगळे प्रश्न सुटतात हेही खरं नाही. स्वीडनमध्ये चाहत्यांच्या विरोधामुळे पहिल्या श्रेणीच्या लीगने ते घेतलेलंच नाही, आणि त्यांची कारणं विचार करण्यासारखी आहेत: गोल झाल्यावर दोन मिनिटं आनंद रोखून धरणं हे फुटबॉलचं रक्त शोषणं आहे. मलाही प्रत्येक फाउलचं पोस्टमॉर्टेम नको.

पण मधली वाट तयार आहे. फिफाने 2024 मध्ये महिलांच्या वयोगटाच्या विश्वचषकांत 'फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट' ही पद्धत वापरून पाहिली. त्यात वेगळा व्हिडिओ पंच लागत नाही. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते, पंच स्वतः कडेच्या पडद्यावर जाऊन बघतो, दाद खरी ठरली तर ती संधी शाबूत राहते. थोड्या कॅमेऱ्यांवर काम भागतं. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड, एवढ्याच गोष्टींवर दाद. स्पेनच्या महिलांच्या लीगने आणि इटलीच्या तिसऱ्या श्रेणीने 2025-26 च्या मोसमात ती घेतली. इटलीच्या तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबांना जे झेपतं ते आपल्या सर्वोच्च लीगच्या निदान बाद फेऱ्यांना झेपू नये? 85 व्या मिनिटाला बंगळुरूच्या प्रशिक्षकाच्या हातात अशी एक दाद असती तर प्रश्न मिनिटभरात सुटला असता. जागेचा वाद हा मतांचा वाद नसतो, चित्रात दिसतो. आणि देशी उदाहरण हवं असेल तर प्रो कबड्डी आहे. तीही 2014 मध्येच सुरू झाली, इंडियन सुपर लीगसारखीच. तिथे संघ रिव्ह्यू मागतो, पडद्यावर पायाचा अंगठा रेषेला लागला की नाही हे सगळं सभागृह एकत्र बघतं, आणि खेळ पुढे जातो.

दाद मागायला दार नसलं की माणूस भिंतीवर डोकं आपटतो किंवा समोरच्याची कॉलर धरतो. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत आपण ते पाहिलं. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीत आपली पाठ टेकलीच नव्हती असं शिवराज राक्षेचं म्हणणं होतं, आणि दाद मागता मागता त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. त्याचं वागणं अक्षम्य होतं, पंचावर हात टाकणाऱ्याची बाजू मी कधीच घेणार नाही. पण आखाडा असो की मैदान, इतक्या मोठ्या मानाच्या लढतीत तक्रार ऐकायची रीतसर सोय चोख हवी, हे त्या दिवशी कुस्तीने शिकवलं. फुटबॉलने ते दुसऱ्याच्या ठेचेवरून शिकावं.

क्रिकेटमध्ये आपण हे सगळं भोगून बसलो आहोत. जानेवारी 2008 च्या सिडनी कसोटीत पंचांच्या निर्णयांवरून देश पेटला होता, स्टीव्ह बकनर यांना पुढच्या कसोटीतून बाजूला व्हावं लागलं. आणि त्याच आपल्या क्रिकेट मंडळाने पुढे अनेक वर्षं डीआरएसला हट्टाने नकार दिला. 2016 मध्ये इंग्लंडच्या भारत दौऱ्यावेळी ते स्वीकारलं तेव्हा उशीर झालेला होता, पण आज डीआरएसशिवाय कसोटी कुणाला चालेल? पंचांची पत त्यामुळे वाढली. ज्याचा निर्णय पडद्यावर बरोबर ठरतो त्याच्यासाठी स्टेडियम टाळ्या वाजवतं.

आता चाहत्यांना काही सांगायचं आहे, कारण सगळं खापर महासंघावर फोडून आपण हात झटकू शकत नाही. 2023 च्या त्या दोन सामन्यांनंतर समाजमाध्यमांवर पंचांच्या नावाने जे लिहिलं गेलं ते वाचवत नव्हतं. घरच्यांपर्यंत शिव्या, धमक्या. आपल्याकडचे बहुतेक पंच दुसरी नोकरी सांभाळून शिट्टी हातात घेतात. गुरुवारी कार्यालयात, शनिवारी हजारो लोकांसमोर, रविवारी पुन्हा घरी. याच व्यवस्थेतून 2002 च्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून उभे राहिलेले के. शंकर निघाले, याच व्यवस्थेतून गोव्याच्या युव्हेना फर्नांडिस 2016 च्या सतरा वर्षांखालील महिला विश्वचषकापर्यंत पोचल्या. म्हणजे माती वाईट नाही. पण ज्या कामात मानधन बेताचं आणि शिव्या भरपूर, त्या कामाकडे उद्या कुठला हुशार मुलगा, कुठली मुलगी वळेल? गावच्या स्पर्धेत सोळा वर्षांच्या पोराला पंच म्हणून उभं करून बाजूने आईबहिणीवरून ओरडणारे आपणच असतो. चांगला पंच हवा असेल तर हे थांबवायला लागेल, आणि ते महासंघाच्या परिपत्रकाने थांबणार नाही.

मात्र महासंघाच्या हातात जे आहे त्याला पुढच्या मोसमाचीही वाट बघायला नको. बाद फेरीच्या प्रत्येक सामन्यानंतर दोन दिवसांच्या आत पंच विभागाने गोल, पेनल्टी आणि लाल कार्डांच्या निर्णयांवर चित्रफितीसह लेखी टिपण प्रसिद्ध करावं, चूक असेल तर चूक म्हणावं, बरोबर असेल तर नियम दाखवून बरोबर म्हणावं. पंच आणि सहायक यांच्यात कानातल्या यंत्रावर झालेलं बोलणं अशा निर्णयांपुरतं ऐकवावं. अंतिम सामन्यात पंचाच्या हाती माइक द्यावा. यातल्या कशालाही परदेशी कंपनी लागत नाही, निविदा लागत नाही. व्हिडिओ सपोर्टचा खर्च त्यानंतर बोलू, बाद फेऱ्यांपासून सुरुवात करू. आणि हे सुरू करताना पहिलं टिपण जुनंच निघावं, फातोर्ड्याच्या 85 व्या मिनिटाचं. बंगळुरूला त्याने चषक मिळणार नाही, बागानचा जाणार नाही. पण त्या रात्री पेनल्टीच्या खुणेकडे बोट करणाऱ्या पंचांना काय दिसलं होतं, हे ऐकण्याचा हक्क तिकीट काढून बसलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना आहे, आणि ते सांगण्याचा हक्क त्या पंचांनाही आहे.